ऑफ-रोडिंगसाठी जीपीएस कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नवी थार किंवा जिम्नी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात टायरबद्दल विचारतो आणि दुसऱ्या महिन्यात जीपीएसबद्दल. टायरवर बोलायला लोक खूप आहेत, म्हणून इथे फक्त जीपीएस. शनिवारी पहाटे मुंबई-ठाण्याहून निघून जव्हार-मोखाडा, माळशेज, भंडारदरा, ताम्हिणी नाहीतर कोकणात उतरणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. लडाख किंवा जैसलमेरला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. एक गोष्ट आधीच सांगतो: आधी नकाशा ठरवा, मग यंत्र. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

फोनमध्ये जीपीएस आहेच. वेगळं यंत्र खरंच लागतं का?

सुरुवातीला नाही. आजच्या मध्यम किमतीच्या फोनमधला रिसीव्हर दहा वर्षांपूर्वीच्या महागड्या यंत्रापेक्षा बरा असतो. अडचण रिसीव्हरची नाहीच. मे महिन्यातली दुपार, फोन काचेमागे, चार्जिंग चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर. अशा वेळी फोन तापतो. आधी स्क्रीन आपोआप मंद होते, मग चार्जिंग थांबतं, आणि शेवटी ‘तापमान जास्त आहे’ असं सांगून तो हात वर करतो. तेही नेमकं फाटा निवडायच्या वेळी.

दुसरी अडचण माणसांची. त्याच फोनवर घरचे कॉल, ऑफिसचे मेसेज, यूपीआय आणि फोटो. पहिल्या गियरमध्ये चढ चढत असताना नकाशाच्या जागी मावशीचा व्हिडिओ कॉल आला, की शेजारी बसलेल्याची धांदल उडते.

म्हणून पहिला खर्च करण्याआधी घरातला जुना अँड्रॉइड फोन शोधा. सिम काढा, सगळे ॲप उडवा, फक्त नकाशे ठेवा आणि तो गाडीलाच वाहून टाका. एक मोसम त्यावर काढा. त्यानंतर तुम्हाला काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल आणि दुकानदाराला नेमकं सांगता येईल.

जव्हारच्या पुढे नेटवर्क जातं. मग फोनचं जीपीएस चालेल का?

चालेल. फोन उपग्रहाचे संदेश थेट ऐकतो, त्यासाठी टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो दोन कामांसाठी: नकाशाचं चित्र आणायला आणि कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती झटपट मिळवायला. नेटवर्क नसेल तर ही माहिती उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि साऱ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. दरीत, झाडाखाली, चालत्या गाडीत हे ऐकणं मध्येच तुटतं, आणि लोक म्हणतात, ‘जीपीएस बंद पडलं’.

उपाय सोपा आहे. शेवटच्या नेटवर्कच्या गावात चहाला थांबाल तेव्हा ॲप उघडा, ठिपका जागेवर येऊ द्या, मगच पुढे निघा. ठिपका दिसतोय पण मागे पांढरी पाटी, असं असेल तर जीपीएसचा दोष नाही. तुम्ही नकाशा उतरवून घेतलेला नाही.

दुकानात ‘गाडीसाठी जीपीएस’ मागितलं की भलतंच काहीतरी दाखवतात. ते काय असतं?

ट्रॅकर. लॅमिंग्टन रोड असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड, ‘गाडीचं जीपीएस’ म्हटलं की समोर सिमकार्ड घालायची काळी डबी येते. गाडी कुठे आहे हे ती मालकाच्या फोनवर दाखवते. चालकाला वाट दाखवणं हे तिचं काम नाही. टॅक्सी-बसवाल्यांना लागणारी एआयएस-१४० प्रमाणाची, पॅनिक बटणाची यंत्रं हीसुद्धा त्याच कुळातली. चोरीच्या भीतीपोटी ट्रॅकर हवा असेल तर खुशाल बसवा, पण तो नेटवर्कवर चालतो. दुकानात ‘नॅव्हिगेशनचं, नकाशाचं’ असं स्पष्ट सांगा.

मग पर्याय तरी कोणते?

ढोबळ पाच.

फोनबद्दल बोलून झालं. टॅबलेटची स्क्रीन मोठी, शेजारच्या माणसाला नकाशा नीट वाचता येतो. पण इथे एक खड्डा आहे: फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. ती सिमवाल्या आयपॅडमध्ये असते, सिम घाला किंवा घालू नका. स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटमध्येही हीच तपासणी आधी करा.

तिसरा, हातात मावणारी बटणांची यंत्रं. गार्मिनची ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही यातली ओळखीची नावं. २.२ इंची स्क्रीन, पेन्सिल सेलची जोडी, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २५ तास. गाडी चालवताना ही स्क्रीन वाचणं अशक्यच, म्हणून मुख्य यंत्र म्हणून घेऊ नका. पण गाडी सोडून पायी जायची वेळ आली, फोन भिजला, गाडीची बॅटरी गेली, तर हाच डबा कामाला येतो. किराणा दुकानात सेल मिळतात हा त्याचा खरा गुण. २२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि तिन्ही अक्षांचं होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे. डोंगरात भटकणार असाल तर तो फरक मोजण्यासारखा आहे.

चौथा, खास ऑफ-रोडसाठी बनलेली डॅशबोर्डवरची यंत्रं: गार्मिनची ट्रेड मालिका, किंवा हातात-गाडीत दोन्हीकडे चालणारं पाच इंची मॉन्टाना ७००. मजबूत, उन्हात वाचता येणारी, आणि महाग. वर्षातून चार शनिवार जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-दोन आठवडे बाहेर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पाचवा, बाजारात बसवून मिळणारा मोठा अँड्रॉइड स्टीरिओ. त्याला जीपीएसची वेगळी अँटेना वायरने येते आणि बसवणारा ती डॅशबोर्डच्या आत, लोखंडी पट्टीखाली कोंबून मोकळा होतो. ती काचेजवळ, आकाश दिसेल अशी लावून घ्या, तेही तिथेच उभं राहून.

नकाशा कुठला घ्यावा?

आता खरा प्रश्न.

गूगल मॅप्सचा नकाशा उतरवून ठेवता येतो, डांबरी रस्त्यावर तो उत्तम आहे आणि इगतपुरीपर्यंत दुसरं काही लागतही नाही. पण ऑफलाइन असताना तो वाहतूक दाखवत नाही, उतरवलेला भाग वर्षभरात ताजा केला नाही तर उडून जातो, आणि मुख्य म्हणजे मित्राने दिलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे नोंदवलेल्या वाटेची फाइल, त्यात थेट उघडत नाही. डोंगराच्या उंचीच्या रेषा, म्हणजे कंटूर, उतरवलेल्या नकाशात नाहीत. ऑफ-रोडला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

त्यामुळे बहुतेक जण ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या ॲपकडे वळतात. ऑसमअँड सर्वांत भरगच्च: कंटूर, ट्रॅक, वेपॉइंट, सगळं त्यात आहे, पण मेनू इतके की पहिल्या दिवशी डोकं उठतं. फुकट आवृत्तीत नकाशे उतरवायला मर्यादा आहे. ऑरगॅनिक मॅप्स उलट, एकदम साधं आणि चपळ, म्हाताऱ्या फोनवरही पळतं. माझी शिफारस: शेजारच्या माणसाला ऑरगॅनिक मॅप्स, हौशी माणसाला ऑसमअँड. अँड्रॉइडवर लोकस मॅपही चांगलं आहे. गार्मिनच्या यंत्रातही ओपनस्ट्रीटमॅपचे फुकट नकाशे मेमरी कार्डावरून घालता येतात.

आता या नकाशाची खोड. तो जगभरचे स्वयंसेवक काढतात आणि त्यातले कित्येक जण उपग्रहाचं छायाचित्र बघून घरबसल्या रेघ ओढतात. उन्हाळ्यातल्या छायाचित्रात आपल्याकडची भातखाचरं कोरडी, पिवळट असतात. दोन खाचरांमधला बांध वरून हुबेहूब कच्च्या रस्त्यासारखा दिसतो. नकाशात तुटक रेघ येते, ॲप म्हणतं ‘पुढे जा’, आणि तुम्ही एखाद्याच्या बांधावर येऊन थांबता. तिथे गाडी वळवायला जागा नसते आणि मालक विळा घेऊन उभा असतो. त्याचा राग रास्तच आहे.

म्हणून जायच्या आदल्या रात्री वाट उपग्रहाच्या छायाचित्रावरही बघून घ्या. चाकांच्या दोन समांतर रेघा दिसल्या तर गाडीवाट, एकच रेघ दिसली तर पायवाट किंवा बांध. ही सवय लागली की अर्धे घोळ घरीच मिटतात.

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे वापरता येतात का?

येतात आणि वापरावेत. १७६७ साली सुरू झालेल्या या खात्याचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सीरिज, म्हणजे सर्वांसाठी खुले, नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून पीडीएफ स्वरूपात उतरवता येतात. २० मीटर अंतराच्या कंटूर रेषा, ओढे, वाड्यांची नावं असं सगळं त्यांत असतं. वाड्या-पाड्यांची नावं तर कुठल्याही ॲपपेक्षा यांत जास्त सापडतात. रस्ते मात्र जुने असतात, तेवढं गृहीत धरा.

एक जपायचं. कुणाकडे या खात्याची जुनी कागदी टोपोशीट असेल तर ती एव्हरेस्ट या पृथ्वीच्या जुन्या मापनावर आधारलेली असते. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापनावर चालतं. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच यंत्रात टाकले तर जागा सरकते. नव्या ओपन सीरिज नकाशांत हा घोळ नाही, ते डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत.

ॲपमधल्या कंटूरबद्दलही सांगतो. त्या बहुतेक फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. सह्याद्रीचे उभे कडे त्यात थोडे चेपले जातात. नकाशात ‘तीव्र उतार’ दिसला, तर तिथे प्रत्यक्षात कडा असू शकतो असं धरून चाला.

ट्रॅक, रूट आणि वेपॉइंट यांत फरक काय?

वेपॉइंट म्हणजे एक जागा: फाटा, विहीर, तंबूची जागा. रूट म्हणजे ‘इथून तिथे कसं जायचं’ याचं यंत्राने काढलेलं उत्तर. ते यंत्र स्वतःच्या अकलेने बदलतंही. ट्रॅक म्हणजे कुणीतरी खरोखर गाडी नेली त्याची उमटलेली रेघ.

ऑफ-रोडला ट्रॅकवर जा. रूटवर गेलात आणि जरा चुकलात, की ॲप नवा मार्ग शोधतं आणि तुम्हाला न सांगता डांबरीवरून ४० किलोमीटरचा वळसा दाखवतं, नाहीतर त्याहून वाईट, पायवाटेला ‘रस्ता’ समजून दरीत उतरवतं. सेटिंगमध्ये मार्ग आपोआप पुन्हा काढण्याची सोय असते, ती बंद ठेवा. आणि निघाल्यापासून स्वतःचा ट्रॅक नोंदवणं चालू ठेवा. मागे फिरायचं ठरलं तर आल्या रेघेने परत जाता येतं. माळशेजच्या धुक्यात ही एकच गोष्ट यंत्राची किंमत वसूल करते.

रेघ चालवायची म्हणजे रेघेवरच चाकं ठेवायची असं मात्र नाही. ती पाच-दहा मीटर इकडेतिकडे असते आणि घाटाच्या कडेला पाच मीटर म्हणजे खूप झाले. धुक्यात डोळ्यांना दिसत नसेल तर थांबा.

मित्राने अक्षांश-रेखांश पाठवले, टाकले, तर भलतीच जागा आली.

हे तर रोजचंच. आकडे लिहायच्या तीन पद्धती आहेत: नुसते दशांश अंश; अंश आणि दशांश मिनिटं; किंवा अंश, मिनिटं आणि सेकंद. समजा एकाने ‘१९.३०’ पाठवलं आणि दुसऱ्याने ते १९ अंश ३० मिनिटं असं वाचलं. १९.३० अंश म्हणजे १९ अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचं. म्हणजे माणूस सरळ २२ किलोमीटर उत्तरेला जाऊन बसला.

गटात एकच पद्धत ठरवून टाका. माझी पसंती दशांश अंशांना, दशांशचिन्हापुढे पाच आकडे. पाचवा आकडा साधारण मीटरभराचा, त्यापुढचे आकडे नुसती शोभा. आणि आधी अक्षांश, मग रेखांश. मुंबई १९ उत्तर, ७२ पूर्व. हे उलटं टाकलं तर यंत्र नॉर्वेच्या उत्तरेचा समुद्र दाखवतं. गंमत वाटते, पण अशी चूक निदान लगेच पकडली तरी जाते. २२ किलोमीटरची चूक पकडली जात नाही.

किती अचूक असतं? नाविक असलेलं यंत्र घ्यावं का?

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. जीपीएस अमेरिकेचं, ग्लोनास रशियाचं, गॅलिलिओ युरोपचं, बेइडू चीनचं आणि नाविक आपलं. दरीत आकाशाची अरुंद पट्टीच दिसते, तेव्हा जितक्या जास्त प्रणाली, तितके त्या पट्टीत सापडणारे उपग्रह जास्त. त्यामुळे अनेक प्रणाली ऐकणारं यंत्र घ्याच. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकचे नवे उपग्रह एल-१ या नेहमीच्या पट्ट्यावरही संदेश देऊ लागले. नाविक असेल तर उत्तम, पण केवळ त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पैसे मोजायचेच तर दोन फ्रीक्वेन्सींवर, एल-१ आणि एल-५ वर, ऐकणाऱ्या यंत्रासाठी मोजा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर आपटून आलेला संदेश सरळ आलेल्या संदेशात मिसळतो आणि ठिपका उड्या मारू लागतो. एल-५ असेल तर हे बरंच आटोक्यात येतं. तरीही सांदण दरीसारख्या चिंचोळ्या घळीत कुठल्याही यंत्राकडून फार आशा ठेवू नका. ढग आणि धुकं यांचा मात्र काही त्रास नाही. भिजलेल्या दाट झाडीचा थोडाफार असतो.

जुहू चौपाटीवर उंची उणे साठ दाखवली! यंत्र बिघडलंय का?

नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून. समुद्राची खरी सरासरी पातळी त्या आकाराशी सगळीकडे जुळत नाही. भारताच्या आसपास ती बरीच खाली आहे आणि मुंबईजवळ हा फरक साठेक मीटरचा आहे. चांगली यंत्रं ही दुरुस्ती आपली आपण करतात, काही ॲप करत नाहीत. ऑसमअँडमध्ये त्यासाठी वेगळी फाइल उतरवता येते. उंचीमापक असलेलं यंत्र घेतलं तर निघताना समुद्रसपाटीला किंवा स्टेशनच्या पाटीवरच्या उंचीला जुळवून घ्या.

स्क्रीन आणि पावसाळा यांचं काय बघावं?

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन छान दिसतात. रस्त्यावर उन्हात नेऊन बघा. दुकानदार ‘हो’ म्हणत नसेल तर दुसरं दुकान. ओल्या बोटांनी टचस्क्रीन वेड्यासारखी वागते, थेंब पडला तरी नकाशा सरकतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या जीपला बटणांचं यंत्र बरं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. कोकणातून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि चार्जिंगचं भोक वाळल्याशिवाय वायर लावू नका.

बसवायचं कुठे आणि चार्ज कसं करायचं?

रबरी सक्शनचा माउंट उन्हात सुटतो आणि धक्क्याला पडतो, तोही क्लचखाली. एक इंची बॉलचा, क्लॅम्पने आवळायचा माउंट घ्या. एअरबॅगच्या झाकणावर काहीही लावू नका. मी स्क्रीन शेजारच्या सीटकडे वळवलेली पसंत करतो. ऑफ-रोडला चालकाने जमीन बघावी आणि नकाशा दुसऱ्याने वाचावा.

चार्जरबाबत कंजुषी नको. फुटपाथवरचा स्वस्त चार्जर किंवा साधा डॅशकॅम रेडिओ-गोंगाट करतो आणि जीपीएसचे संदेश मुळातच अत्यंत क्षीण असतात. तपासायला सोपं आहे: उपग्रहांच्या संदेशाची ताकद स्तंभांनी दाखवणारं एखादं ॲप उघडा, गाडी मोकळ्यावर उभी करा, चार्जर लावून आणि काढून बघा, मग डॅशकॅमचंही तसंच. स्तंभ झपकन खाली आले तर चोर सापडला. काचेवर धातूचा मुलामा असलेली उन्हाची फिल्म असेल तर तीही संदेश अडवते.

अमेरिकेतला भाऊ येतोय. त्याला आणायला सांगू का?

आधी मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. शेवटी ‘आय’ असेल, जसं मॉन्टाना ७००आय किंवा जीपीएसमॅप ६७आय, तर त्यात उपग्रहामार्फत संदेश पाठवायची इनरीच सोय आहे. ती भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, वापरणं तर दूरच. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रापायी परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती. मुंबईत तर हा विषय जास्तच नाजूक. २००८ च्या हल्ल्यानंतर हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ बोटीवर सॅटेलाइट फोन सापडला होता, हे इथल्या यंत्रणा विसरलेल्या नाहीत. भाऊ आणि यंत्र दोघेही विमानतळावर अडकतील. नुसतं ऐकणारं, काहीही न पाठवणारं साधं जीपीएस यंत्र या भानगडीत येत नाही. गटात बोलायचा रेडिओ अंगचाच असलेल्या यंत्रांबाबतही तीच सावधगिरी: तिथली फ्रीक्वेन्सी इथे परवान्याची असू शकते.

दुसरं, तिकडून आणलेल्या यंत्रात नकाशा तिकडचा असतो. कॅलिफोर्नियातली पायवाट अन् पायवाट दिसेल, मुरबाड नाही दिसणार. भारताचा नकाशा वेगळा घालावा लागेल आणि वॉरंटीसाठी इथल्या सेवा केंद्रात ‘कुठून घेतलं’ हा प्रश्न होईल. पक्कं बिल देणाऱ्या इथल्या विक्रेत्याकडून चार पैसे जास्त देऊन घेतलेलं परवडतं.

जुनं, वापरलेलं यंत्र घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण तारीख बघा. जीपीएसमध्ये आठवडे मोजणारा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो आणि हे शेवटचं ६ एप्रिल २०१९ ला झालं. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, न बदललेली जुनी यंत्रं तेव्हापासून वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बऱ्याचदा बरोबर असते, पण ट्रॅकच्या नोंदी आणि सूर्यास्ताच्या वेळा बिघडतात. शिवाय रबरी बटणं चिरलीत का, सेलच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का, आणि मेमरी कार्ड ओळखतंय का, हे तिथल्या तिथे तपासा.

नकाशात वाट आहे. म्हणजे गाडी नेता येते ना?

नाही! इथेच भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा जीव गेला. गावातल्या प्रत्येकाला तो पूल पाण्याखाली असतो हे ठाऊक होतं. नकाशाला नव्हतं.

परवानगीही यंत्र दाखवत नाही. तुंगारेश्वर, तानसा, फणसाड, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ‘ॲपने रस्ता दाखवला’ हे वनरक्षकापुढे उत्तर होत नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, नकाशात पुढे रेघ कितीही रुंद दिसो. समुद्रकिनाऱ्यांचंही तेच: अनेक ठिकाणी वाहनांना बंदी आहे, आणि जिथे चाकं रुतली तिथे भरती किती वाजता येते हे त्या निळ्या रेघेला माहीत नसतं.

सर्वांत खात्रीची माहिती पाड्यावर मिळते, पण विचारायची पद्धत असते. ‘दादा, पुढे गाडी जाते का?’ असं विचारलं तर ‘जाते की’ हेच उत्तर येणार, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मोटारसायकल असते. ‘पुढे पिकअप जाते का? या आठवड्यात गेली का? ट्रॅक्टर कुठवर जातो?’ असं विचारा. ट्रॅक्टर जातो आणि पिकअप जात नाही, असं कळलं तर चिखल समजा. दोन्ही जात नसतील तर गुमान मागे फिरा.

नकाशासाठी फोन लावलेला असेल तर पोलीस दंड करतात का?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या बदलानुसार मार्ग बघण्यासाठी यंत्र वापरता येतं, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच. हातात धरलेला फोन म्हणजे वाद ओढवून घेणं. माउंटवर लावा आणि पत्ता गाडी उभी असतानाच टाका.

एकटी गाडी घेऊन जायचं आहे. यंत्र पुरेसं आहे का?

एकट्या गाडीने अवघड वाटेला जाऊच नये, हे आधी. जायचंच असेल तर यंत्र तुम्हाला ‘मी कुठे आहे’ हे सांगेल, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. घरी जीपीएक्स फाइल पाठवा, परतायची वेळ सांगा आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना पाठ असतात. डोंगरातल्या मदतीसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांकही आधीच फोनमध्ये साठवा. मदत मागताना ‘एक मोठं झाड आहे, पुढे ओढा आहे’ असं सांगू नका, अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. स्वतःच्या यंत्रात ते कुठल्या पानावर दिसतात हे घरी बघून ठेवा आणि शेजारी बसणाऱ्यालाही दाखवा.

दोन-तीन गाड्या असतील तर ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी ताकदीचे, परवाना न लागणारे वॉकीटॉकी घ्या. पल्ला डोंगरात थोडाच, पण ‘पुढचा चढ घसरडा आहे’ एवढं सांगायला पुरतो.

मागच्या वर्षीचे ट्रॅक यंदा चालतील का?

दिवाळीआधी तरी त्यांच्यावर विसंबू नका. एका पावसाळ्यात दरड उतरते, मोरी वाहून जाते, कुणी कुंपण घालतं, कुठे नवा डांबरी रस्ता होतो आणि जुनी वाट त्याखाली जाते. ट्रॅकच्या नावातच महिना आणि वर्ष लिहा: ‘विक्रमगड-जव्हार पाणंद, डिसेंबर’ आणि पुढे साल. ओढा ओलांडायची प्रत्येक जागा वेगळा वेपॉइंट करून, पाणी चाकाच्या कितव्या भागापर्यंत होतं तेही टीपेत टाका. फाइल पुढे पाठवताना ट्रॅकचं सुरुवातीचं टोक कापा, नाहीतर तुमच्या सोसायटीचं फाटक, निघायची वेळ आणि गाडी घरी नाही ही बातमी, सगळंच गटात जातं.